लिहून देणार, लिहून घेणार

चि. भाचीस,


मराठी दस्ताच्या सुरुवातीलाच दोन पक्ष येतात, ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’. ज्याच्या पदरात हक्क पडतो तो लिहून घेणार आणि जो बांधला जातो तो लिहून देणार. पुढची पाने कितीही किचकट असोत, या कलमाने कोण कोणाला काय लिहून देत आहे, हा प्रश्न प्रत्येक कलमाला विचारता येतो आणि विचारावा. भाड्याचे घर, पहिली नोकरी, ओळखीच्या माणसाचे कर्ज आणि फ्लॅटचे बुकिंग, मिळवत्या माणसाची सही सुरुवातीच्या वर्षांत बहुधा याच कागदांवर होते. त्यांतल्या बहुतेक संज्ञांचे मूळ भारतीय करार कायद्यात आहे. हा कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला. मालविक्रीचा भाग १९३० मध्ये आणि भागीदारीचा १९३२ मध्ये स्वतंत्र कायद्यांत गेला, पण गाभा आजही तोच आहे.

या कायद्याचे कलम २ पायऱ्यापायऱ्यांनी वर चढते. एकाने दुसऱ्याची संमती मिळवण्यासाठी काही करण्याची किंवा न करण्याची तयारी कळवली, की तो प्रस्ताव. दुसऱ्याने होकार दिला की स्वीकृती, आणि स्वीकारलेला प्रस्ताव म्हणजे वचन. वचनाच्या बदल्यात काही मिळणार असेल तर तो ठराव, आणि जो ठराव न्यायालयातून अमलात आणता येतो तो करार. बोलताना सगळ्यालाच करार म्हणतात, पण न्यायालयात ठराव सिद्ध झाला तरी करार सिद्ध झाला असे होत नाही. सिनेमाला नेण्याचे कबूल करून न नेणाऱ्या मित्रावर दावा चालत नाही, कारण कायद्याने बांधून घेण्याचा हेतू तिथे कोणाचाच नसतो.

दुकानाच्या काचेतली किंमत किंवा घरभाड्याची जाहिरात हा सहसा प्रस्ताव नसतो, ते प्रस्ताव मांडण्याचे निमंत्रण असते. प्रस्ताव गिऱ्हाईक करते, स्वीकारायचा की नाही ते दुकानदार ठरवतो. स्वीकृती मात्र पूर्ण आणि बिनशर्त लागते. ‘मान्य आहे, पण भाडे दोन हजारांनी कमी करा’ हे उत्तर म्हणजे स्वीकृती नव्हे, तो उलट प्रस्ताव आहे आणि त्याने मूळ प्रस्ताव संपतो. प्रस्ताव माहीतच नसेल तर तो स्वीकारताही येत नाही. १९१३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणात एका पेढीच्या मालकाचा पुतण्या घर सोडून गेला होता. शोधासाठी मुनिमाला हरिद्वारला पाठवण्यात आले. तो गेल्यानंतर मालकाने ५०१ रुपयांच्या बक्षिसाची पत्रके काढली. मुनिमाला मुलगा हृषीकेशला सापडला, पण त्या वेळी त्याला बक्षिसाची कल्पना नव्हती. न्यायालयाने त्याला बक्षीस नाकारले. माहिती नाही तिथे स्वीकृती नाही, शिवाय मुलाला शोधणे हे मुनिमाने आधीच पत्करलेले काम होते.

करार तोंडी होऊ शकतो, फोनवरही होऊ शकतो. विदर्भातल्या खामगावची एक गिरणी आणि अहमदाबादचे व्यापारी यांच्यात सरकी पेंडीचा सौदा फोनवर ठरला आणि तो मोडल्यावर दावा कोणत्या गावी चालवायचा, यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निकालात बहुमताने ठरले की फोनवर करार तिथे पूर्ण होतो, जिथे प्रस्ताव देणाऱ्याच्या कानावर होकार पडतो. प्रस्ताव अहमदाबादहून दिलेला होता, त्यामुळे दावा तिथेच चालला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम १०-अ मुळे ई-मेलवर झालेला करारही केवळ इलेक्ट्रॉनिक आहे एवढ्या कारणाने नाकारता येत नाही. व्हॉट्सॲपवर ‘ठीक आहे, पक्के’ लिहिताना ही गोष्ट ध्यानात असावी.

‘स्टॅम्प पेपरवर नाही म्हणजे करारच नाही’ हा समज त्यामुळे चूक ठरतो, आणि ‘नोटरी केले म्हणजे झाले’ हा समज त्याहून महागात पडतो. मुद्रांक शुल्क हा राज्याचा कर आहे. तो बुडवलेला दस्त शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुरावा म्हणून वाचला जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. नोंदणीचे तसे नाही. काही व्यवहार दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवल्याशिवाय पूर्णच होत नाहीत. त्यांचा विचार पुढे घरखरेदीच्या ओघात येईल.

प्रतिफल म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळणारी गोष्ट. ती पैसा असेल, काम असेल, किंवा एखादी गोष्ट न करणेही असेल. ती वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून झालेली असावी लागते, पण तोलामोलाची असलीच पाहिजे असे नाही. दहा लाखांची जमीन दहा हजारांना विकण्याचा ठरावही वैध ठरू शकतो. मात्र संमती खरोखर मोकळी होती का हे तपासताना न्यायालय त्या तफावतीकडे पाहते. प्रतिफलाशिवायचे वचन सहसा अमलात येत नाही. तरी त्यावर विसंबून दुसऱ्याने खर्च केला की चित्र बदलते. हावड्याच्या टाऊन हॉलसाठी एकाने १०० रुपये वर्गणी लिहिली होती. तिच्या भरवशावर बांधकामाचे कंत्राट दिले गेले होते, म्हणून कलकत्ता उच्च न्यायालयाने १८८६ मध्ये त्याला ती द्यायला लावली. जवळच्या नातलगांत प्रेमापोटी दिलेले वचन लेखी आणि नोंदणीकृत असेल तर प्रतिफलाविनाही चालते. बहिणीला तोंडी कबूल केलेल्या गोष्टींवर पुढे भांडणे होतात ती या दोन अटी पुऱ्या न केल्यामुळे.

दस्ताच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते. हा लेख राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिला आहे, अशा अर्थाचे. ते पाल्हाळ समजून पुढे जाऊ नये. त्यातला प्रत्येक शब्द कायद्यातल्या एकेका अटीवर बसतो. अक्कलहुशारी म्हणजे कलम १२ ची मानसिक सक्षमता, व्यवहार समजून आपले हित-अहित ठरवण्याची ताकद. राजीखुशी म्हणजे मुक्त संमती, जिला बळजबरी, गैरवाजवी प्रभाव, कपट, चुकीचे निवेदन आणि चूक या पाच गोष्टी बाधक ठरतात. गैरवाजवी प्रभाव ही संज्ञा घरोघरी लागू पडणारी आहे. ज्याच्यावर म्हातारी आत्या पूर्णपणे अवलंबून आहे, त्याच पुतण्याने तिच्याकडून घर लिहून घेतले, तर धाकदपटशा दिसला नाही तरी ती संमती संशयास्पद ठरते. व्यवहार वरकरणीच अन्यायाचा दिसत असेल, तर तो स्वच्छ होता हे पुतण्याला सिद्ध करावे लागते. कपट आणि चुकीचे निवेदन यांतला फरक हेतूचा. खोटे आहे हे जाणून फसवण्यासाठी सांगणे हे कपट, खरे समजून चुकीचे सांगणे हे चुकीचे निवेदन.

पाचांपैकी पहिल्या चार दोषांमुळे करार रद्दयोग्य होतो. ज्याची संमती दूषित झाली त्याने ठरवायचे, मोडायचा की ठेवायचा. तो मोडत नाही तोवर करार जिवंत असतो. शून्य ठराव मात्र पहिल्यापासून नसल्यासारखाच. अल्पवयीन व्यक्तीचा ठराव या दुसऱ्या प्रकारात मोडतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात ठरवले. कलकत्त्यातल्या एका अल्पवयीन तरुणाने २०,००० रुपयांसाठी घर गहाण लिहून दिले होते आणि सावकाराच्या प्रतिनिधीला त्याच्या वयाची माहिती होती. गहाणखत शून्य ठरले. म्हणून अठरा पूर्ण नसलेल्या भावंडाच्या सहीने ना कोणी बांधला जातो, ना कोणाचे पैसे सुरक्षित राहतात.

नोकरीच्या कागदांत अडवणूक करणारी दोन कलमे भेटतात आणि दोन्हींविषयी गैरसमज आहेत. पहिले म्हणजे नोकरी सोडल्यावर त्याच क्षेत्रात काम न करण्याची अट. कलम २७ नुसार व्यवसायाला प्रतिबंध करणारा ठराव त्या प्रतिबंधापुरता शून्य असतो. गोलंदाज झहीर खान याने तीन वर्षांसाठी एका व्यवस्थापन कंपनीशी करार केला होता. मुदत संपल्यावरही दुसऱ्या कंपनीकडे जाण्याआधी तिचा प्रस्ताव आपल्याला दाखवून बरोबरीची संधी द्यावी, असे कलम त्या कंपनीने घातले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे मुदतीनंतरचे बंधन शून्य ठरवले. नोकरी चालू असतानाच्या बंधनाची गोष्ट निराळी. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातला एक सुपरवायझर पाच वर्षांचा करार असताना मध्येच जास्त पगारावर कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये उरलेल्या मुदतीपुरता त्याला तिथे काम करण्यास मनाई कायम ठेवली. व्यवसायाची गुपिते जपण्याची अटही सहसा टिकते.

दुसरे कलम म्हणजे बाँड, ठरावीक वर्षांआधी सोडल्यास ठरावीक रक्कम भरण्याची हमी. ‘बाँडला काही अर्थ नसतो’ असे छातीठोकपणे सांगणारे सहकारी सगळीकडे भेटतात. विजया बँकेच्या प्रकरणात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत राजीनामा दिल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन पुन्हा भरती करावी लागते, त्याचा खर्च हे त्यामागचे मुख्य कारण होते. रक्कम वाजवी आहे की नाही, हा प्रश्न प्रत्येक बाँडला स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

वाजवीपणाचा हा प्रश्न आला की करारभंग आणि भरपाई समजून घ्यावी लागते. भंग झाल्यावर कलम ७३ नुसार मिळते ती नैसर्गिकपणे उद्भवलेल्या किंवा करार करताना दोघांना ठाऊक असलेल्या नुकसानीची भरपाई. लांबचे, आडवळणाचे नुकसान मिळत नाही. कागदात आधीच आकडा लिहिलेला असला, तर कलम ७४ लागू होते. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, न्यायालय तिच्या आत वाजवी वाटेल तेवढे देते. दिल्ली विकास प्राधिकरणाने लिलावातल्या एका भूखंडाचे ७८ लाख रुपये जप्त केले आणि नंतर तोच भूखंड कितीतरी जास्त किमतीला विकला. नुकसान काहीच झाले नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती रक्कम परत द्यायला सांगितली. ‘उशीर झाल्यास दर दिवशी अमुक हजार दंड’ अशी वाक्ये वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. ती वाचल्याशिवाय सही करण्याचेही नाही, कारण आकडा कमी करून घ्यायचा तर न्यायालयाची पायरी चढावी लागते.

घर घेताना दिला जाणारा विसार या चर्चेतच बसतो. विसार म्हणजे व्यवहार पुरा करण्याची खूण म्हणून दिलेली रक्कम. व्यवहार झाला तर ती किमतीत वळती होते. घेणाऱ्याने विनाकारण माघार घेतली तर वाजवी विसार जप्त होऊ शकतो. नुसती आगाऊ रक्कम तशी जप्त करता येत नाही. म्हणून विसारपावतीवर ही रक्कम कोणत्या नावाने दिली, कर्ज नामंजूर झाल्यास ती परत मिळणार का आणि किती दिवसांत, हे लिहून घ्यावे. बिल्डरकडून घेतानाचे संरक्षण जास्त पक्के आहे. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार होण्याआधी त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

त्यापुढचा कागद साठेखत, म्हणजे विक्रीचा करार. साठेखताने घर नावावर होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते की विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. ठरल्याप्रमाणे खरेदी करून मागण्याचा अधिकार तेवढा मिळतो. मालकी देते ते नोंदवलेले खरेदीखत. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीशिवाय होतच नाही. कुलमुखत्यारपत्रावर ‘विकलेल्या’ जागांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हेच निक्षून सांगितले. साठेखत आणि ताबा हातात घेऊन वर्षानुवर्षे निर्धास्त राहिलेली कुटुंबे मूळ मालक वारल्यावर त्याच्या वारसांच्या दारी जातात. खरेदीखताचा दिवस साठेखतातच लिहून घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

भाड्याच्या घराचा कागद महाराष्ट्रात बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा असतो. त्याने राहण्याची परवानगी मिळते, भाडेकरूचे हक्क मिळत नाहीत. मुदत संपून जागा सोडली नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार दुप्पट शुल्काने नुकसानभरपाई द्यावी लागते. कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याने सांगितलेल्या अटी खऱ्या मानल्या जातात. नोटरी केलेल्या कागदावर घर देणारा मालक आपलेच संरक्षण घालवून बसतो. राहायला येणाऱ्याने ठरावीक काळ करार मोडता न येण्याचे, म्हणजे लॉक-इनचे कलम नीट पाहावे. ते दोघांना बांधते की फक्त एकाला, यावर सगळे अवलंबून असते.

आता जामीनकी. इतर कागद माणूस स्वतःच्या गरजेसाठी करतो, हा भिडेखातर करतो आणि म्हणूनच न वाचता करतो. हमीच्या करारात तिघे असतात, कर्ज देणारा धनको, घेणारा मुख्य ऋणको आणि त्याने न फेडल्यास मी फेडीन असे लिहून देणारा जामीनदार. ‘आधी त्याच्याकडून वसूल करतील, नाहीच मिळाले तर माझ्याकडे येतील’ या समजुतीवर बहुतेक सह्या होतात, आणि ही समजूत कायद्याला मान्य नाही. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी ऋणकोच्या जबाबदारीइतकीच आणि तिच्या बरोबरीनेच चालते. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जामीनदाराकडे जाण्याआधी ऋणकोविरुद्धचे उपाय संपवण्याची सक्ती धनकोवर करता येत नाही. ऋणको गावातच आहे, त्याच्या नावे घर आहे, तरीही बँक आधी पगारदार जामीनदाराला गाठू शकते. ते सोपे असते, म्हणून गाठतेही. सहकारी पतसंस्थांच्या बाबतीत दिवाणी दाव्याचीही गरज राहत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक वसुली दाखला देतो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. ‘एकशे एकचा दाखला निघाला’ हे वाक्य गावोगावच्या जामीनदारांच्या घरी ऐकू येते. कंपनीची दिवाळखोरी निघून कर्जाचा तोडगा मंजूर झाला तरी वैयक्तिक हमीदार आपोआप सुटत नाही, हेही २०२१ मध्ये ठरले आहे.

कायद्याने जामीनदाराला काही ढाली दिल्या आहेत. त्याच्या संमतीवाचून कर्जाच्या अटी बदलल्या, तर पुढच्या व्यवहारांपुरता तो सुटतो. धनकोने ऋणकोला मोकळे केले तर जामीनदारही मोकळा होतो. पैसे भरल्यावर तो धनकोच्या जागी येतो, तारण त्याला मिळते आणि ऋणकोकडून वसुलीचा हक्कही मिळतो. पण बँकांच्या छापील हमीपत्रांत यांतले काही हक्क सोडून दिल्याचे कलम बहुधा असतेच. ते आधी शोधावे. हमी चालू स्वरूपाची आहे की एकाच कर्जापुरती, रकमेला कमाल मर्यादा आहे का, हे पाहावे. चालू हमी पुढच्या व्यवहारांपुरती नोटीस देऊन मागे घेता येते. आधी झालेल्या कर्जाची जबाबदारी त्याने टळत नाही. जी रक्कम स्वतःच्या खिशातून भरता येणार नाही, तिच्या जामीनकीवर सही करू नये. नकार देताना नाते दुखावते हे खरे, पण वसुलीच्या नोटिशीनंतर ते टिकतच नाही.

हमीशी गल्लत होते ती हानिरक्षणाची. यात पक्ष दोनच असतात. एकाने दुसऱ्याला होणारी हानी भरून देण्याचे वचन द्यायचे. घरमालक, क्लब, ॲप-कंपन्या यांच्या कागदांत ‘सर्व दावे, खर्च आणि नुकसान यांपासून मुक्त ठेवीन’ असे वाक्य येते, ते हेच. त्याचा आवाका वाटतो त्याहून मोठा आहे. गजानन मोरेश्वर विरुद्ध मोरेश्वर मदन या १९४२ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छागला यांनी सांगितले की हानिरक्षण मिळालेल्याला आधी स्वतः पैसे भरण्याची गरज नाही. देणे निश्चित झाले की तो ते फेडण्याची मागणी करू शकतो.

‘अपरिहार्य परिस्थिती’ किंवा फोर्स मॅज्यूरचे कलम महासाथीनंतर सर्वांच्या ओळखीचे झाले. कागदात ते नसले तरी करार कायद्याचे कलम ५६ आहे. करार पुरा करणे नंतर अशक्य किंवा बेकायदेशीर झाले, तर तो शून्य होतो. अशक्य म्हणजे केवळ अवघड किंवा महाग नव्हे. कोळशाचा भाव वाढला म्हणून वीज देण्याच्या करारातून सुटका मागणाऱ्या कंपन्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नकार दिला. नोकरी गेली म्हणून हप्ता थांबत नाही, तो याच तत्त्वाने.

लवादाचे कलम शेवटच्या पानावर असते. ते मान्य केले की वाद सहसा न्यायालयाऐवजी लवादापुढे जातो. लवादाचे ठिकाण कोणते, आणि लवाद एकट्या कंपनीनेच नेमायचा असे तर लिहिले नाही ना, एवढे पाहावे. वादात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकतर्फी एकमेव लवाद नेमणे न्यायालयांनी अमान्य केले आहे.

राहिली मुदत. करारभंगाच्या भरपाईचा दावा भंग झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. ‘आठ दिवसांत तक्रार न केल्यास दाव्याचा हक्क संपेल’ असे कलम घालून ही मुदत कमी करता येत नाही, करार कायद्याचे कलम २८ ते शून्य ठरवते. मुदतीच्या आत ऋणकोने देणे लेखी कबूल केले, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. मुदत उलटून गेल्यावर मात्र नुसती कबुली पुरत नाही. ऋणकोने ते देणे फेडण्याचे वचन लेखी, सहीनिशी दिले, तर कलम २५ नुसार प्रतिफल नसतानाही तो नवा करार होतो आणि बुडीत समजलेले कर्ज पुन्हा वसूल करता येते.

कळावे.
मामा